वारं गेलं म्हणजे नेमकं काय झालं?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान. समितीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



समितीने आम्हाला ‘आरोग्य’ असा विषय दिला होता. आरोग्य म्हटले की त्यात सगळेच येते, आणि सगळ्यावर बोलायचे म्हणजे कशावरच न बोलणे. म्हणून आम्ही तिघीजणी बसलो आणि एकच विषय धरला. आम्ही तिघी कोण हे येथे बहुतेकांना ठाऊक आहे. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात परिचारिका म्हणून आमची हयात गेली, आता निवृत्त आहोत, आणि दर रविवारी वंदना झाली की विहाराच्या व्हरांड्यात टेबल टाकून लोकांचे बीपी मोजत बसतो. माइकपुढे एकच उभी असली तरी बोलणे तिघींचे आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणत आहोत. मोठेपणा म्हणून नव्हे.

विषय आहे लकव्याचा.

आपल्या नागपूरकडे काय आणि तिकडे पुण्याकडे काय, लोक म्हणतात, ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं.’ जुना ग्रंथातला शब्द अर्धांगवायू, त्यातही वायू आहेच. आता वारं म्हटले की माणूस काय करील? दारे-खिडक्या लावील, अंगावर गोधडी टाकील, मोहाचे नाही तर तिळाचे तेल गरम करून चोळायला बसेल. शब्दातच उपचार ठरून जातो, पाहा. छातीत कळ आली तर हाच माणूस रात्री दोन वाजता शेजाऱ्याचे दार ठोकून ऑटो काढायला लावतो. पण हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, तर ‘सकाळी पाहू’ म्हणतो. याचे एक कारण आम्हाला वॉर्डात कळले. हार्ट अटॅकमध्ये बहुधा दुखते, लकव्यात बहुधा दुखत नाही. माणूस ओरडत नाही, म्हणून घर धावत नाही.

वास्तविक हा झटका हाताचा नाही, पायाचा नाही, वाऱ्याचा तर नाहीच नाही. तो मेंदूचा आहे. हे माणसाला कळायलाही बराच काळ लागला. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब वेप्फर नावाच्या वैद्याने अशा आजाराने मेलेल्यांची शवे उघडून पाहिली आणि १६५८ साली लिहून ठेवले की यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला दिसतो, आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तुंबूनही हा आजार होऊ शकतो. सहा वर्षांनी, १६६४ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस विलिसने मेंदूच्या तळाशी असलेले रक्तवाहिन्यांचे कडे वर्णन करून दाखवले. आजही डॉक्टर त्या कड्याला विलिसचेच नाव देतात. म्हणजे ‘वारं नव्हे, रक्त’ ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून झालेली आहे. आपल्या गल्लीपर्यंत ती अजून पुरती पोचलेली नाही एवढेच.

मेंदूचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो. साठ किलोच्या माणसात हा फार तर अडीच टक्के वाटा झाला. पण शरीर जेवढा प्राणवायू खर्च करते त्यातला सुमारे वीस टक्के हा एकटा खातो. आणि याच्या घरात साठवण नाही. आपण कोठीत तांदूळ भरून ठेवतो, यकृत साखर साठवते, मेंदू प्राणवायू साठवत नाही आणि साखरही जवळजवळ नाहीच. हातावर पोट असल्यासारखे त्याचे आहे. मानेतल्या चार रक्तवाहिन्यांतून, दोन पुढच्या आणि दोन मागच्या, क्षणोक्षणी रक्त आले तर चूल पेटते. हृदय बंद पडले तर दहा-पंधरा सेकंदांत माणसाची शुद्ध जाते, आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात.

लकव्यात मात्र सगळे रक्त थांबत नाही, एका वाहिनीचे थांबते. येथेच सगळी गंमत आहे, आणि सगळी आशाही येथेच आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींना आम्ही धानाच्या बांधीचे उदाहरण देतो. पाटात दगड अडकला तर ज्या बांधीला फक्त त्याच पाटाचे पाणी मिळते ती सुकून जाते. पण बाजूच्या बांधीत शेजारच्या धुऱ्यावरून थोडे थोडे पाणी झिरपत असते. तेथला धान पिवळा पडतो, मान टाकतो, पण मरत नाही. दगड वेळेवर निघाला तर तो पुन्हा उभा राहतो. नाही निघाला तर तोही जातो. मेंदूत अगदी हेच घडते. निरोगी मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त मिळते. ते २० च्या खाली आले की पेशी काम थांबवते, पण जिवंत असते. १० च्या खाली गेले की थोड्याच वेळात मरते. या मधल्या, मान टाकलेल्या पण जिवंत भागाला इंग्रजीत ‘पेनम्ब्रा’ म्हणजे उपछाया असे नाव १९८० च्या सुमारास रूढ झाले. ग्रहणात गडद सावलीच्या भोवती फिकट सावली असते, तशी ही. लकव्याचा सगळा तातडीचा उपचार या फिकट सावलीसाठी आहे. जे मेले ते परत येत नाही, जे मान टाकून पडले आहे ते वाचवायचे आहे.

आणि वेळ किती असतो? अमेरिकेतील जेफ्री सेव्हर या डॉक्टरांनी २००६ साली हिशेब मांडला. मोठी रक्तवाहिनी तुंबली आणि उपचार झाला नाही, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात. एक मिनिट म्हणजे किती? ‘चहा ठेव, पाहू काय होते’ एवढे म्हणून गॅस पेटवेपर्यंत एक मिनिट गेले.

आता दोन प्रकार नीट ध्यानात घ्या, कारण घरातल्या चुका येथेच होतात. एक, गुठळी अडकून वाहिनी बंद होते. दुसरा, वाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडते. पहिला प्रकार जास्त, दुसरा कमी. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. आम्ही इतकी वर्षे वॉर्डात काढली, तरी नुसते पाहून कोणता प्रकार आहे हे आम्ही सांगू शकत नाही, आणि डॉक्टरही खात्रीने सांगत नाहीत. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. हे यंत्र लंडनजवळच्या एका रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्यांदा माणसाच्या डोक्यावर वापरले गेले. ते बनवणारे हाउन्सफील्ड हे इंजिनिअर, डॉक्टर नव्हेत. १९७९ चे नोबेल त्यांना कॉर्मॅक यांच्यासोबत मिळाले. त्यापूर्वी जिवंत माणसाच्या मेंदूत गुठळी आहे की रक्त सांडले आहे हे ओळखणे फार कठीण काम होते.

ओळखून उपयोग काय, हेही सांगितले पाहिजे. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा लकव्याचा रोगी आला की सलाइन, लघवीची नळी, कूस बदलणे आणि वाट पाहणे एवढेच हातात असायचे. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रोग्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिले तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले रोगी जास्त होते. फुकटात मात्र काही मिळत नाही. इंजेक्शन दिलेल्यांपैकी शंभरात सहाजणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत शंभरात एकालाही नाही. म्हणून डॉक्टर सही मागतात, दहा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांच्यावर चिडू नये. पुढे २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली पाठोपाठ पाच चाचण्या आल्या आणि जांघेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढता येते, आणि त्याने माणूस चालता-बोलता राहतो, हे पक्के झाले. २०१८ पासून काही निवडक रोग्यांत हे चोवीस तासांपर्यंतही करतात. पण ‘निवडक’ हा शब्द विसरू नका. कुणी चोवीस तास ऐकून घरी बसेल, म्हणून मुद्दाम सांगतो. मुदत साडेचार तासांची असली तरी दवाखान्यात पोचल्यावर तपासणी, स्कॅन, रक्त यांत वेळ जातोच. घरात तुमच्या हाती तास नाही, मिनिटे आहेत.

ओळखायचे कसे? हे लहान मुलांनीही पाठ करावे. तोंड, हात, बोल, वेळ. ब्रिटनमध्ये १९९८ च्या सुमारास ॲम्ब्युलन्सच्या माणसांसाठी अशी सोपी कसोटी बनवली, आपण ती मराठीत घेऊ. ‘दात दाखवा’ म्हणा, ओठाची एक बाजू खाली राहते का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, दहा मोजा, एक हात आपोआप खाली येतो का पाहा. ‘आज कोणता वार आहे, पूर्ण सांगा’ म्हणा, जीभ जड येते का, शब्द भलताच येतो का, तुमचे बोलणे त्याला कळते का पाहा. तिन्हीतले एक जरी बिघडले तरी चौथा शब्द वेळ. घड्याळ पाहा आणि निघा. कधीकधी याशिवाय एकदम तोल जातो, एका डोळ्याने दिसेनासे होते, दोन दोन दिसतात, किंवा जन्मात कधी दुखले नाही असे डोके एकाएकी दुखते. तेही यातच धरा.

निघताना एक प्रश्न घरातल्या सगळ्यांना विचारून घ्या: शेवटचे ठणठणीत कधी पाहिले? डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. ‘कधी कळलं’ हे नव्हे, ‘शेवटचे चांगले कधी होते’ हे. रात्री दहाला झोपला आणि सकाळी सहाला उठताना हात उचलेना, तर घड्याळ रात्री दहापासून मोजले जाते. तरीही जायचेच, कारण आता स्कॅनवरून किती मेंदू वाचण्यासारखा आहे हे काही ठिकाणी पाहता येते.

आणि काय करायचे नाही ते. पाणी पाजायचे नाही. चहा नाही, साखर नाही, जिभेखाली काही नाही. अर्धा चेहरा लुळा असेल तर घसाही लुळा असतो, घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो आणि मग न्यूमोनिया होतो. आमच्या वॉर्डात लकव्याने नव्हे तर त्या पहिल्या कपभर चहाने माणसे गेलेली आम्ही पाहिली आहेत. डायबिटीस असेल आणि घरी मशीन असेल तर साखर तपासा, कारण साखर खूप उतरली तरी असेच दिसते. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका. ॲस्पिरिन देऊ नका. गुठळी असेल तर ती उपयोगी, रक्त सांडत असेल तर घातक, आणि कोणते आहे ते आपल्याला ठाऊक नाही. बीपी वाढलेले दिसले म्हणून शेजारणीची बीपीची गोळी फोडून देऊ नका. त्या वेळी वाढलेले बीपी झिरपणारे पाणी टिकवून ठेवत असते, ते धाडकन उतरवले की पिवळी पडलेली बांधी सुकते.

कबुतराच्या रक्ताबद्दल बोलले नाही तर हे भाषण अपुरे राहील. लुळ्या हातावर कबुतर कापून त्याचे गरम रक्त चोळतात, हे आम्ही ऐकीव सांगत नाही. वॉर्डात आलेल्यांच्या हातावरचा वाळलेला लाल थर आम्ही स्वतः स्पिरिटने पुसला आहे. या वस्तीतल्या माणसांचाही पुसला आहे, नाव कुणाचे घेत नाही. एक ऑटो चालवणारा भाऊ होता, वय चाळिशीच्या आत. संध्याकाळी सातला तोंड वाकडे झाले. घरचे त्याला जाणत्याकडे घेऊन गेले, गाव तीस-पस्तीस किलोमीटर. त्यासाठी त्याचाच ऑटो काढला, भाचा चालवत होता. तेथे रांग होती. परत आले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. वॉर्डात आला तेव्हा सकाळ. त्याची माय आम्हाला म्हणाली, ‘सिस्टर, आम्ही काही घरी बसून नव्हतो जी, रातभर पयतच होतो.’ खरेच होते ते. धावपळ कमी नव्हती, दिशा चुकली होती. सातला निघून त्याच ऑटोने सरकारी दवाखान्यात आला असता तर आठच्या आत स्कॅनखाली असता. आज तो उजवा हात खिशात घालून चौकात बसतो. बोलणे बरेच आले आहे.

राज्यात १०८ नंबरची मोफत ॲम्ब्युलन्स २०१४ पासून आहे. फोन करा, पण ती कुठवर आली हे विचारा, उशीर दिसला तर ऑटो काढा. आपल्या भागात रात्रीबेरात्री सीटी स्कॅन कुठे होतो आणि लकव्याचे इंजेक्शन कुठे देतात, हे धावपळीच्या रात्री शोधायचे नसते. ते आधी विचारून भिंतीवर लिहून ठेवायचे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो ते त्या-त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत, दाराजवळ.

आणखी एक फसवी गोष्ट. कधी हात पाच-दहा मिनिटे लुळा पडतो, बोबडी वळते आणि मग सगळे आपोआप ठीक होते. घरचे म्हणतात, बरे झाले, गेले एकदाचे. ते गेलेले नसते, निरोप देऊन गेलेले असते. मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये दाखवले की अशा माणसांना ताबडतोब तपासून औषधे सुरू केली तर पुढच्या तीन महिन्यांतले झटके सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी होतात. ज्याचे सगळे ठीक झाले आहे त्याला दवाखान्यात नेणे फार कठीण असते, हे आम्हाला कळते. तो म्हणतो, ‘मला काय झालं?’ त्याला उचलून न्या.

झटका येऊ नये म्हणून काय, तर पहिले दहा मार्क बीपीला. बत्तीस देशांतल्या रोग्यांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला. दहा कारणे मिळून दहापैकी नऊ झटक्यांमागे दिसतात, आणि त्यांत सगळ्यात वर बीपी. ते दुखत नाही. रविवारी आमच्या टेबलापाशी माणूस ‘मला काही त्रास नाही, तुम्ही म्हणता म्हणून बसतो’ म्हणून बसतो आणि पारा १८० च्या वर जातो. गोळी लागली की तीन महिन्यांनी पारा उतरतो आणि तो गोळी सोडतो. का सोडली? तर बीपी नॉर्मल आले म्हणून. अहो, गोळी खाल्ली म्हणून आले ना! छत्री घेतली म्हणून कोरडे राहिलात, पाऊस थांबला म्हणून नव्हे. ‘गोळीची सवय लागते’ असेही म्हणतात. हेच म्हणणारे भाऊ दिवसाला चार खर्रे खातात, त्याची सवय त्यांना चालते. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटून मिळतो. आणि मायमाउल्यांनो, तुमचा गुडाखू हाही तंबाखूच आहे, मंजन नव्हे. मीठ माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात भाजीतले, पोळीतले, लोणच्यातले, पापडातले, सुक्या बोंबलातले आणि सकाळच्या तर्री-पोह्यांतले सगळे आले. बोंबील खाऊ नका असे आम्ही म्हणणार नाही, आम्हीही खातो. पण धुऊन, भिजवून, आणि त्या दिवशी लोणचे नको.

बाळंतिणीचे वेगळे सांगायचे आहे. आपल्याकडे जुन्या बायका बाळंतिणीला पाणी मोजून देतात, पोट सुटेल म्हणून. बाळंतपणानंतर रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेले असते. त्यात पाणी कमी पडले की मेंदूतून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत गुठळी होऊ शकते. भारतातल्या डॉक्टरांनी हा आजार बाळंतिणींत पुष्कळ पाहिलेला आहे. पोर आठ-दहा दिवसांचे, आई सारखी डोके दुखते म्हणते, उलट्या करते आणि एक दिवस तिला झटके येतात. घर म्हणते बाहेरचे लागले. बाहेरचे नव्हे, आतले आहे. वेळेत आणली तर रक्त पातळ करण्याच्या औषधाने बहुतेक बायका चांगल्या होतात. बाळंतिणीला तहान लागेल तेवढे पाणी द्या.

आता जो विषय आपल्या समाजात कुजबुजत बोलला जातो त्याकडे येतो. लकवा म्हाताऱ्यांचा असे वाटते ना? सिकलसेलच्या मुलाला सहाव्या-सातव्या वर्षीही होऊ शकतो. विदर्भात सिकलसेल आहे हे नवे नाही. मध्य भारतातील सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा लेख १९५८ सालीच ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला होता. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत त्याचे प्रमाण अधिक आहे. प्राणवायू कमी झाला की या रोग्याची तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी एकमेकींत अडकतात, मेंदूच्या मोठ्या वाहिन्याही कालांतराने अरुंद होतात. परदेशातल्या आफ्रिकन वंशाच्या मुलांपेक्षा आपल्याकडे हे कमी दिसते, पण दिसते. ‘एसएस’ असलेल्या दोन ते सोळा वर्षांच्या मुलाच्या मेंदूतल्या रक्ताचा वेग कानशिलावर सोनोग्राफीसारखे यंत्र ठेवून मोजता येतो. वेग वाढलेला असेल तर धोका ओळखता येतो. अशा मुलांना नियमित रक्त दिले तर पहिला झटका नव्वद टक्क्यांहून अधिक टळतो, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले. हायड्रॉक्सियुरियाची गोळी आज आपल्याकडे मिळते. ती नियमाने द्या. मुलाचा पाय ओढत चालणे म्हणजे आळस नव्हे, शाळेत एकदम अक्षर बिघडणे म्हणजे टंगळमंगळ नव्हे. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासणी होते. ती लग्नाआधी करा. दोघेही ‘एएस’ असले तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता ‘एसएस’ मुलाची असते. पोरीचे जमत नाही म्हणून कागद लपवणारे आईबाप आम्ही समजू शकतो. पण कागद लपवला तरी रक्त लपत नाही.

रक्तवाहिनी मोकळी असून प्राणवायूच नसला तरी मेंदू तसाच मरतो. थंडीत दार लावून कोळशाची शेगडी उशाशी घेऊन झोपू नका. तिचा वायू तांबड्या पेशीला प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो, आणि त्याला वास नसतो. बाळ जन्मल्यावर रडले नाही तर पहिला एक मिनिट सोन्याचा, म्हणून बाळंतपण घरी नको. परदेशात गुदमरलेल्या बाळाला बहात्तर तास गार ठेवतात. तो उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात करून पाहिला तर उपयोग झाला नाही, उलट मृत्यू वाढले, असे २०२१ मध्ये निष्पन्न झाले. म्हणजे तिकडची प्रत्येक गोष्ट इकडे जशीच्या तशी लागू पडत नाही.

आणि गटार. हे बोलताना आमचा आवाज चढला तर माफ करा. सेप्टिक टँकमध्ये, मॅनहोलमध्ये प्राणवायू नसतो, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा जो वायू असतो तो जास्त झाला की नाकाची वास घेण्याचीच शक्ती मारतो. वास नाही म्हणजे वायू नाही, असे समजून माणूस आणखी खाली उतरतो. पहिला पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. बातम्यांत दोन-दोन, तीन-तीन नावे एकत्र का येतात याचे कारण हे आहे. २०१३ च्या कायद्याने असे काम माणसाकडून करून घेणे गुन्हा आहे. मृताच्या घरच्यांना दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. या वस्तीतल्या कुणालाही कुणी हजार-दोन हजारांसाठी टाकीत उतर म्हणाले, तर उतरू नका, आणि उतरलेल्याला काढायला दोरी व मास्कशिवाय मुळीच उतरू नका. बाहेरून अग्निशमन दलाला बोलवा. तो बाहेर निघाला आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबा. हे शिकवायला आम्ही तयार आहोत, पंधरा मिनिटे लागतात.

झटका येऊन गेला, माणूस वाचला, घरी आला. मग? येथे महात्मा फुले यांची आठवण आम्ही नेहमी सांगतो. १८८८ साली जोतिरावांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले या स्नेह्यांनी उपचार केले. हात परत येईना, तेव्हा जोतिरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे पुस्तक पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, पुस्तक १८९१ मध्ये छापून निघाले. आम्हा परिचारिकांना यात एक गोष्ट विशेष वाटते. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, आणि उजवी बाजू जाते ती याच डाव्या अर्ध्याला इजा झाल्याने. पॅरिसचे डॉक्टर ब्रोका यांनी १८६१ मध्ये असाच एक रोगी पाहिला होता. सगळे समजत असून त्याच्या तोंडून ‘तान’ एवढाच आवाज निघे. जोतिरावांची उजवी बाजू गेली, पण विचार मांडणारी भाषा शाबूत राहिली. ज्याची भाषा जाते त्याला वेडा समजू नका. त्याला बहुतेक वेळा कळत असते, सांगता येत नसते. त्याच्यासमोर ‘आता याचं काय उरलं’ असे बोलणारे पाहुणे आम्ही वॉर्डातून बाहेर काढलेले आहेत.

घरी करायचे ते थोडक्यात. दर दोन तासांनी कूस बदला, पाठीला जखम झाली की महिने जातात. लुळ्या हाताला धरून कधी उठवू नका, खांदा निखळतो. उठवायचे ते पाठीला आधार देऊन. नाकातली नळी ‘बिचाऱ्याला त्रास होतो’ म्हणून काढू नका, घोट गिळता येतो का हे दवाखान्यात पाहूनच ती निघते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, सहा महिन्यांनंतरही ती थांबत नाही, मंद होते. व्यायाम मात्र शिकलेल्या माणसाकडून शिकून घ्या. भारतातल्या चौदा रुग्णालयांत १२५० रोग्यांवर अभ्यास झाला, घरच्यांना शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करून घेतला तर पुरते का? २०१७ मध्ये उत्तर आले, फारसा फरक पडला नाही. घरच्यांची माया कमी पडली असे आम्ही मानत नाही. सून स्वयंपाक करील, पोरे शाळेत पाठवील, कामावर जाईल आणि सासऱ्याचा व्यायामही घेईल, हे गणितच चुकीचे आहे. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपी विभाग असतो, तेथे नेण्यासाठी वस्तीतल्या पोरांनी पाळी लावावी. गेल्या वर्षी दोन घरांसाठी आपण तशी पाळी लावली होती आणि ती चार महिने टिकली. दिव्यांगाचा दाखला काढा. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, सिकलसेलही त्यांत आहे.

बीपीचे मशीन विहाराच्या कपाटात डावीकडच्या फळीवर असते, चावी समितीच्या सचिवांकडे. रविवारी साडेआठ ते साडेदहा आम्ही टेबलावर असतो. येताना आधी अर्धा तास चहा आणि खर्रा नको, पाच मिनिटे शांत बसा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, नुसते ‘पांढरी छोटी गोळी’ असे सांगू नका.